ईसीजी नॉर्मल, छातीत धडधड : एका एसटी वाहकाचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एसटी आगारात काम करणाऱ्या वाहकाचं आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नाव, गाव, मार्ग आणि घरचे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना मधुकरराव म्हणू. मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत समाजसेविका आहे. म्हणजे गोळ्या लिहून देणारी नव्हे, तर बोलणारी, घरच्यांना बोलावून घेणारी, नोकरीच्या ठिकाणी काय आणि किती सांगायचं ते ठरवायला मदत करणारी.

मनाची काळजी घ्या म्हटलं की लोक विश्रांती, रजा, हवापालट सुचवतात. मधुकररावांचं दुखणं नेमकं त्यानेच वाढलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

वय 44, वाहक म्हणून 17 वर्षं नोकरी. घरी पत्नी, डिप्लोमा करणारा मुलगा, दहावीतली मुलगी. पत्नी घरीच ब्लाउज शिवते. वडील 58 व्या वर्षी शेतात छातीत कळ येऊन गेले, तेव्हा मधुकरराव बांधावरच होते. ही गोष्ट त्यांनी आम्हाला बरीच उशिरा सांगितली.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. त्या काळात घरात पगार नव्हता. पतपेढीचं कर्ज झालं, मेव्हण्याकडून हातउसने घेतले. मग 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं. योजना चांगलीच, माझी आई तिच्या जिवावर महिन्यातून एकदा माहेरी जाऊन येते. पण त्यांच्या आगारात गर्दी वाढली आणि वाहक होते तेवढेच राहिले. 75 वर्षांवरच्यांचा मोफत प्रवास त्याच्या आदल्या वर्षीच आला होता. म्हणजे आधार कार्डावरची जन्मतारीख बघा, त्यावरून वाद घाला, सुट्ट्या पैशांवरून बोलणी खा. मधेच तपासणी पथक चढलं आणि एखादं तिकीट द्यायचं राहिलेलं सापडलं, तर अहवाल ठरलेला.

त्यात मुक्कामाची गाडी. संध्याकाळी आगारातून निघायचं, घाट चढून अंधार पडल्यावर शेवटच्या गावात पोचायचं आणि पहाटे कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, तालुक्याला निघालेले पेशंट घेऊन खाली उतरायचं. झोपायला कधी ग्रामपंचायतीची खोली मिळते, पण बहुतेक वेळा गाडीच. दोन बाकांच्या मधे फळी टाकायची, डासांची अगरबत्ती लावायची, तिकिटाचं मशीन कुशीत आणि रोकडीची पिशवी उशाला. सकाळी भरणा करताना रक्कम कमी भरली तर ती वाहकाच्या खिशातून. अशा रात्री कुणाला गाढ झोप लागत असेल तर ते नवलच.

अडचण

2023 च्या नागपंचमीचा आदला दिवस. गाडी माहेरवाशिणींनी खच्चून भरलेली. मधुकररावांच्या पोटात सकाळपासून चार-पाच कप चहा, वर मळलेली तंबाखू. घाटाच्या तिसऱ्या वळणावर छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना, अंगाला दरदरून घाम सुटला, हाताच्या बोटांना मुंग्या येऊन ती आकडल्यासारखी झाली. आपण आत्ता, इथे, या गर्दीत मरणार अशी खात्रीच पटली. त्यांनी घंटी मारली. चालकाने सगळ्या प्रवाशांसकट गाडी सरळ ग्रामीण रुग्णालयात नेली. ईसीजी निघाला तोवर बरंच शांत झालं होतं. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "गॅस असेल."

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तसंच झालं. एकदा आगारात, एकदा घरी जेवताना. शहरात जाऊन टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, पट्ट्यावर चालवून टीएमटी झाली. सगळं व्यवस्थित. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य : "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." यावर मधुकररावांचा प्रश्न अगदी रास्त होता. "काय न्हाई तर मग हुतंय काय?"

ते आमच्याकडे आले नोव्हेंबरमध्ये, पत्नीने जवळजवळ ओढून आणलं तेव्हा. तोवर दुखण्याने घरभर हातपाय पसरले होते. महिनाभर रजेवर होते. खिशात कायम सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयरोग्यांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी. शेजारच्या एका हृदयरुग्णाने "असू दे जवळ" म्हणून दिलेली. धडधडलं की एक गोळी. या गोळीने रक्तदाब उतरतो, डोकं ठणकतं आणि छातीची धडधड उलट वाढू शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर गळ्यात दोरीने लटकत होता. दर थोड्या वेळाने बोट आत. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलामच्या, म्हणजे घबराट दाबणाऱ्या गुंगीच्या गोळ्या चालू होत्या, रोज दोन-तीन. हे शेड्यूल एच1 मधलं औषध, चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. पण ओळखीच्या गिऱ्हाइकाला कोण विचारतं! आठवडी बाजार बंद झाला होता, मोटारसायकल बंद झाली होती. आंघोळीला गेले तर मोरीची कडी लावत नव्हते, न जाणो आत पडलो तर. पत्नी दाराबाहेर शिवणयंत्र मांडून बसायची आणि आतून पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची.

आमच्या डॉक्टरांनी जुने सगळे रिपोर्ट बघितले. त्यात थायरॉईडची तपासणी नव्हती. ती, हिमोग्लोबिन आणि साखर करून घेतली. मग निदान सांगितलं : पॅनिक डिसऑर्डर. या झटक्यात धोका नसताना शरीराची धोक्याची यंत्रणा सुरू होते. साधारण 10 मिनिटांत तो शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, हात आकडतो. झटका धोकादायक नसतो, पण खोटाही नसतो. खरा घोळ त्याच्या पुढचा असतो. माणूस पुढच्या झटक्याच्या भीतीने जगायला लागतो, एकेक जागा टाळतो, आणि टाळली म्हणून वाचलो असं त्याला वाटत राहतं.

मी त्यांना त्यांच्याच गाडीतला दाखला दिला. स्टॉप नसताना कुणीतरी खोडसाळपणे घंटी मारली तर चालक ब्रेक लावतोच. घंटी खरीच वाजली, ब्रेकही खराच लागला. फक्त उतरणारं कुणी नव्हतं. मधुकरराव पहिल्यांदा हसले.

जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. त्यांचं उत्तर होतं, "मरायची भ्या वाटती म्हणून तर आलोय, मॅडम." तरीही पुढच्या भेटींत हा प्रश्न विचारत राहिलो, कारण डोक्यावर कर्ज होतं.

समोरचे पर्याय

घरच्यांचं म्हणणं होतं, रजा वाढवावी. यात माया होती, पण महिनाभराचा अनुभव उलटा होता. रजेत दिवसभर छातीकडे लक्ष द्यायला मोकळा वेळ मिळाला, पगाराची चिंता वाढली आणि परत रुजू होण्याची भिंत रोज वीतभर उंच होत गेली.

मधुकररावांना स्वतःला चौकशी खिडकीवरचं किंवा कार्यशाळेतलं हलकं काम हवं होतं. एखाद्याला ते खरोखर गरजेचं असतं. इथे दोन अडचणी होत्या. एकदा घाट कायमचा सुटला की भीतीने डाव जिंकला. दुसरं म्हणजे त्यासाठी "वाहकाच्या कामास अयोग्य" अशा अर्थाचा कागद लागला असता, आणि तसा कागद सेवापुस्तकाला एकदा चिकटला की सहज सुटत नाही.

तिसरा पर्याय फक्त गोळ्यांचा. आमच्या ओपीडीच्या रांगेत बहुतेकांच्या वाट्याला तोच येतो, कारण वेळ नसतो. चौथा, गोळ्या आणि काम दोन्ही सोबत चालवत टप्प्याटप्प्याने भीतीला सामोरं जाण्याचा. पाचवा सासूबाईंचा : बाहेरचं असेल, एकदा देवऋषाला दाखवा. त्यावर मी वाद घातला नाही. देवाला जा, अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून उपाशी राहू नका, एवढंच सांगितलं. या मुद्द्यावर भांडून पेशंट घालवणारे मी पाहिले आहेत.

चौथा पर्याय धरला. चालकाच्या बाबतीत हिशेब वेगळा झाला असता. स्टिअरिंग हातात असणाऱ्याला गुंगीच्या गोळ्या चालू असताना रस्त्यावर सोडता येत नाही.

काय केलं

औषध सर्ट्रालिन, म्हणजे घबराटीवरची रोज घ्यायची गोळी, सुरुवातीला 25 मिलिग्रॅम, मग 50. पहिले आठ-दहा दिवस अस्वस्थता थोडी वाढू शकते आणि गुण यायला काही आठवडे लागतात, हे त्यांना आणि पत्नीला आधीच सांगून ठेवलं. ते सांगितलं नसतं तर पाचव्या दिवशीच गोळी बंद झाली असती. तसा फोन आलाच होता. अल्प्राझोलाम एकदम न थांबवता दोनेक महिन्यांत हळूहळू उतरवलं. रोज घेणाऱ्याने ते अचानक सोडलं की घबराट दामदुपटीने परत येते. सॉर्बिट्रेटची पट्टी मात्र त्याच दिवशी टेबलावर ठेवून घेतली.

जुन्या डायरीत रोज चार गोष्टी लिहायला सांगितल्या : वेळ, आधी काय चाललं होतं, भीती दहापैकी किती, आणि त्यावर काय केलं. दोन आठवड्यांनी डायरी उघडली तर चित्र स्पष्ट होतं. बहुतेक झटके रिकाम्या पोटी, चहा-तंबाखूनंतर किंवा अर्धवट झोपेच्या दुसऱ्या दिवशी आलेले. "काय केलं" या रकान्यात एकच उत्तर पुन्हा पुन्हा : बायकोला हाक मारली, ऑक्सिमीटर लावला.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. चहा, तंबाखू, झोप, फिरणं, सगळं एकदम सुधारायला सांगायचं का? तंबाखू तोडली की पहिले काही दिवस बेचैनी, चिडचिड होते आणि ती या दुखण्यासारखीच भासते. म्हणून तंबाखू मागे ठेवली. चहा दिवसाला दोन-तीन कपांवर आणला. ड्युटीवर निघण्याआधी भाकरी खाऊनच निघायचं, हा नियम पत्नीने लावला. दुपारची झोप दोनच्या पुढे नाही, म्हणजे रात्री डोळा लागेल. श्वासाचा सराव सकाळ-संध्याकाळ : श्वास सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. झटका आल्यावर धावत जाऊन करायचा उतारा म्हणून मुद्दामच शिकवला नाही, नाहीतर त्याचीही दुसरी सॉर्बिट्रेट झाली असती.

मग धडधड मुद्दाम आणायची. टीएमटी झालेली असल्याने हे निर्धास्त करता आलं. ओपीडीच्या मागचा जिना त्यांना भराभर दोनदा चढ-उतार करायला लावला. ऑक्सिमीटरवर नाडी 128. चेहरा पांढरा पडला, हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा. मी म्हटलं, काहीही करू नका, आकडा फक्त बघत राहा. 120, 112, 104. काही मिनिटांत नव्वदीत. "उतरलं की आपसूक!" असं म्हणून ते पायरीवर बसले आणि पुन्हा एकदा चढून येतो म्हणाले. त्या दिवशी ऑक्सिमीटर त्यांनी स्वतःहून पिशवीत टाकला. पुढच्या आठवड्यात तो घरच्या कपाटात गेला.

मग पायऱ्या ठरवल्या. मोरीची कडी लावून आंघोळ. एकट्याने बाजार. उभ्या गाडीत बसणं. प्रवासी म्हणून घाटाच्या पायथ्यापर्यंत, आधी मेव्हण्यासोबत, मग एकट्याने. सपाटीवरची लोकल फेरी ड्युटी म्हणून. मग घाट. मुक्काम सगळ्यात शेवटी. नियम असा की झटका आला तरी ती पायरी सोडून पळायचं नाही. भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. गाडीत आला तर घंटी मारायची नाही, दांडा धरून उभं राहायचं आणि जमेल तसं तिकीट देत राहायचं.

पत्नीची भूमिका बदलणं सगळ्यात अवघड गेलं. छातीला हात लावून बघणं, अर्ध्या तासाला फोन करणं ही तिची माया होती. तीच बंद कर म्हणणं तिला निर्दयपणाचं वाटलं. आम्ही तिच्याबरोबर फोनवरच्या बोलण्याची तालीम केली. पुढे मधुकररावांचा फोन आला की ती म्हणायची, "धडधडतंय का? बरं. घाट चढला का? भाकरी खाल्ली का?" आणि फोन ठेवायची. ठेवल्यावर स्वतः रडायची, हे तिने नंतर सांगितलं.

आगारात काय सांगायचं यावर बरीच चर्चा झाली. "येडा झाला म्हणत्याल" ही भीती पोकळ नव्हती. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क पेशंटला आहे. म्हणून प्रमाणपत्रात निदान न लिहिता एवढंच लिहिलं : उपचार सुरू आहेत, कामावर रुजू होण्यास योग्य, पुढचे काही आठवडे रात्रीच्या मुक्कामाची ड्युटी टाळावी. वरिष्ठांनी फारशी खळखळ केली नाही. जोडीदार चालकाला मात्र मधुकररावांनी सगळं खरं सांगितलं. तो निर्णय त्यांचा, आणि तो कामाला आला. चालकाच्या भावालाही असंच झालं होतं म्हणे.

कर्जावर मानसोपचार नाही. पती-पत्नीने वहीवर सगळे हप्ते मांडले, पतपेढीत जाऊन हप्ता कमी आणि मुदत लांब करून घेतली. मेव्हणा थांबायला तयारच होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. दोन भेटींच्या मधे गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिला. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली ही मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. त्यांनी एकदा रात्री फोन केला, थोडं बोलले, झोपले.

निष्पत्ती

डिसेंबरात लोकल फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात एक जोरदार झटका आला आणि ते घंटी मारून खाली उतरले. पुढच्या भेटीत चेहरा पडलेला. आम्ही ती पायरी पुन्हा घेतली, जरा लहान करून : गर्दी नसलेली दुपारची फेरी. जानेवारीत घाट. फेब्रुवारीपासून डायरीत आठवडेच्या आठवडे कोरे दिसायला लागले.

मुक्काम मार्चमध्ये. एप्रिलात, यात्रेच्या हंगामात, त्या शेवटच्या गावात रात्री झटका आला. मोबाईलला रेंज नाही, डॉक्टर नाही, चालक घोरत पडलेला. "म्हटलं ये, काय करायचं ते कर. आन डोळा कवा लागला कळलंच न्हाई." माझ्या मते उपचार त्या रात्री लागू पडले. आधीचे सगळे कोरे रकाने अनुकूल परिस्थितीतले होते.

सगळंच सुधारलं असं नाही. तंबाखू कमी झाली, सुटलेली नाही. 1800-112-356 ही तंबाखू सोडवणारी हेल्पलाइन दिली आहे, फोन अजून "करू की" या अवस्थेत आहे. वडिलांच्या श्राद्धाच्या आसपास झोप बिघडते. तपासणी पथकाची धास्ती तशीच आहे, पण ती धास्ती कुठल्या वाहकाला नाही?

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीच्या तपासण्या योग्यच होत्या. वय 44, तंबाखू, वडिलांचा इतिहास. अशा माणसाच्या छातीत दुखलं तर आधी हृदयच बघायला हवं. पुढेही चालताना-चढताना छातीत दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर पॅनिक समजून घरी बसायचं नाही, हे आम्ही त्यांना लिहून दिलं आहे. चूक त्यानंतरच्या वाक्यात होती. "काही झालेलं नाही" याऐवजी "हृदय ठीक आहे, याला पॅनिक म्हणतात, यावर उपचार आहेत" असं नागपंचमीच्या आदल्या त्या दिवशीच कुणी म्हणालं असतं, तर मधले तीन महिने आणि वीसेक हजार रुपये वाचले असते. ग्रामीण रुग्णालयातल्या ड्युटी डॉक्टरला यासाठी मानसोपचारतज्ज्ञ असावं लागत नाही.

रजा देताना शेवट ठरवलेला नव्हता. आठवडाभराची रजा, त्यानंतर अर्ध्या दिवसाचं काम असा कागद निघाला असता तर मोरीच्या कडीपर्यंत गोष्ट गेली नसती. वडिलांच्या मृत्यूचा विषय डायरीतून आपोआप येईल म्हणून थांबण्यापेक्षा "घरात कुणाचं असं अचानक झालंय का?" हे पहिल्याच भेटीत विचारण्यासारखं होतं, पेशंटची भीती नेमकी कुठल्या चेहऱ्याची आहे ते लवकर कळलं असतं. आणि पत्नीला पहिल्या दिवसापासून खोलीत घ्यायला हवं होतं, बाहेरच्या बाकावर बसवून नव्हे.

आगाराकडून एवढीच अपेक्षा : मुक्कामाच्या गावी कडी लागणारी एक खोली, आणि सलग मुक्कामांनंतर एक दिवस पाठ टेकायला. यातलं पहिलं एका सरपंचाने केलं. दुसऱ्यासाठी वाहक लागतात, ते नाहीत.

सध्या

सर्ट्रालिन चालू आहे. बरं वाटल्यापासून निदान वर्षभर ठेवायचं ठरलं आहे. कमी करायचं ते यात्रा आणि लग्नसराईचा हंगाम उलटल्यावर, पाऊस लागून गाड्या जरा मोकळ्या झाल्या की. आणि त्याआधी मुक्कामाच्या दोन-तीन फेऱ्या व्यवस्थित पार पडलेल्या असल्या पाहिजेत. मधुकररावांना घाई आहे, पत्नीला नाही. पुढच्या भेटीला दोघांनाही बोलावलं आहे.